बल्लारपूरच्या वनवाहतुकीतील मालमोटारींचे वेगमापक : एक साधनचिकित्सा

१. प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चांदा भागाचा आर्थिक इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास तीन प्रकारच्या कागदपत्रांचा आधार घ्यावा लागतो. वनोपजांचे वाहतूक परवाने हा पहिला, तपासणी नाक्यांवरील आवक-जावक नोंदवह्या हा दुसरा आणि मालमोटारींची लॉगबुके हा तिसरा प्रकार होय. पहिल्या दोन प्रकारांकडे आपण सावधपणे पाहतो. नोंद करणारा कारकून कोण, त्याचा हेतू कोणता, नोंद प्रसंगी केली की मागाहून, हे प्रश्न आपण विचारतो. लॉगबुकातील अंतराचा आकडा मात्र जसाच्या तसा स्वीकारण्याकडे आपला कल असतो, कारण तो माणसाने नव्हे तर यंत्राने दिलेला आहे असे आपण मानतो. यंत्रास हेतू नसतो हे खरे. परंतु यंत्रास गृहीते असतात. ही गृहीते कोणती, ती कोठे मोडतात आणि मोडल्यावर आकडा कोणत्या दिशेने व किती चुकतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. स्थळ आणि काळ

वर्धा नदीच्या काठी वसलेले बल्लारपूर हे एके काळी गोंड राजांच्या राजधानीचे ठिकाण होते व त्या काळाचा किल्ला आजही नदीकाठी उभा आहे. या गावाचे आधुनिक महत्त्व मात्र कोळसा, लोहमार्ग आणि वन या तीन गोष्टींतून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे कोळशाची खाण सुरू झाली. त्याच शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस काझीपेठ-बल्हारशाह हा दुवा जोडला जाऊन दिल्ली-मद्रास हा सलग लोहमार्ग पुरा झाला. १९४५ साली येथील कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि बांबूस एक मोठे, नित्याचे गिऱ्हाईक लाभले. आलापल्ली-अहेरीकडचे सागवान वनखात्याच्या आगारात आणि बांबू गिरणीच्या आवारात, असा मालाचा दुहेरी ओघ दक्षिण-पूर्वेच्या जंगलातून बल्लारपूरकडे वाहू लागला.

हा सारा मुलूख प्रशासनाच्या दृष्टीने फार वेळा हात बदलून गेला. चांदा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. नदीपलीकडचे राजुरे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे एकाच रस्त्यावरील एकाच प्रकारच्या नोंदी निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेल्या असणे स्वाभाविक आहे. त्या जुळविताना अंतराचा आकडा हाच पुष्कळदा दुवा ठरतो, आणि म्हणूनच तो किती विश्वासार्ह आहे हे पाहणे अगत्याचे आहे.

बैलगाडीच्या काळात अंतर कोसांत सांगितले जाई. मोटारी आल्या त्या प्रथम मैल घेऊन आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या मोटारी देशभर मालवाहतुकीत शिरल्या. पुढे देशातच मालमोटारी बनू लागल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज व फार्गो, जमशेदपूरच्या टेल्कोतून डाइम्लर-बेंझशी १९५४ साली झालेल्या करारान्वये टाटा-मर्सिडीज-बेंझ, आणि मद्रासेतून अशोक लेलँड अशा गाड्या रस्त्यावर आल्या. यांपैकी जर्मन कंपनीशी झालेला सहयोग १९६९ पर्यंत टिकला. या साऱ्या गाड्यांच्या चालकासमोरच्या फळीवर एक गोल तबकडी होती. प्रस्तुत लेखाचा विषय तीच तबकडी होय.

३. यंत्राची रचना

या तबकडीच्या मागे जे तत्त्व आहे ते मोटारीहून पुष्कळ जुने आहे. १८२४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आरागो याने असे पाहिले की तांब्याची चकती फिरविली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे ओढली जाते. वस्तुतः तांबे चुंबकाकडे आकर्षिले जात नाही. १८३१ मध्ये फॅराडेच्या प्रवर्तनाच्या शोधाने या कोड्याचा उलगडा झाला. चुंबक आणि धातू यांच्यात सापेक्ष गती असली की धातूत भोवऱ्याप्रमाणे फिरणारे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि ते गतीला विरोध करतात. या तत्त्वावर चालणाऱ्या वेगमापकाचे पेटंट १९०२ साली जर्मनीत ओटो शुल्झे याने घेतले, आणि पुढील पाऊण शतकाहून अधिक काळ जगातील बहुतेक मोटारी याच यंत्रावर विसंबून राहिल्या.

मालमोटारीत त्याची मांडणी अशी असे. गिअरबॉक्समधून मागील चाकांकडे जाणाऱ्या दंडावर एक मळसूत्री दाते असलेली गरारी बसविलेली असते. ती एका लहान गरारीस फिरविते आणि तिच्या चौकोनी खाचेत तारेच्या अनेक वेढ्यांनी गुंफलेली लवचिक केबल अडकविलेली असते. ही केबल बाहेरच्या नळीत फिरत फिरत चालकाच्या खोलीत तबकडीपाशी येते. तेथे तिच्या टोकाला एक कायमचा चुंबक असतो. त्या चुंबकाभोवती, त्यास स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची एक उथळ वाटी असते. चुंबक फिरू लागला की वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होऊन वाटीही त्या दिशेने फिरू पाहते. परंतु केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे ओढीत असते. ओढ व प्रतिओढ जेथे समान होतात तेथे वाटी थांबते, आणि तिच्या अक्षावर बसविलेला काटा वेग दाखवितो. केबल जितकी जलद तितकी ओढ अधिक. स्प्रिंगचा ताणही तिच्या पिळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तबकडीवरील अंक समान अंतरावर मांडता येतात.

त्याच केबलीवरून दुसरे एक यंत्र चालते. मळसूत्री गराऱ्यांच्या मालिकेतून केबलीचे शेकडो वेढे कमी करीत करीत एकेक अंकचक्र पुढे सरकविले जाते आणि काट्याखालच्या खिडकीत एकूण अंतर उमटते. बाहेरून पाहणाऱ्यास हे एकच यंत्र भासते. तथापि आपल्या दृष्टीने ही दोन साधने आहेत आणि त्यांची विश्वासार्हता सारखी नाही. अंतराचा आकडा दात्यास दात्याने ढकलला जातो. त्यात घसरण नाही. वेगाचा काटा मात्र चुंबक, वाटी आणि स्प्रिंग या तिघांच्या तोलावर अवलंबून असतो. पहिले मोजणी करते, दुसरे अनुमान करते.

४. उष्णता आणि काटा

या भेदाचे प्रत्यंतर चांद्याच्या उन्हाळ्यात येते. ॲल्युमिनियमचा विद्युत्रोध तापमानाबरोबर दर अंशास सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांवर बरोबर लावलेला काटा ४५ अंशांच्या दुपारी, म्हणजे २५ अंशांच्या फरकाने, काहीही उपाय न केल्यास सुमारे १० टक्के कमी वेग दाखवील. निर्मात्यांस हे ठाऊक होते. त्यांनी चुंबकाशेजारी निकेल-लोखंडाच्या विशिष्ट मिश्रधातूचा तुकडा बसविला. थंडीत तो चुंबकीय प्रवाहाचा काही भाग आपल्याकडे वळवून घेतो आणि तापल्यावर वळवेनासा होतो. त्यामुळे उन्हाळ्यात वाटीस अधिक प्रवाह मिळून तूट भरून निघते. मात्र चुंबक जुना होऊन क्षीण झाला किंवा स्प्रिंगवर केबलीतील वंगण येऊन बसले की हा सारा तोल बिघडतो. अंतराच्या चक्रांवर या कशाचाही परिणाम होत नाही. तात्पर्य, एखाद्या अपघाताच्या चौकशीत ‘काट्याप्रमाणे अमुक वेग होता’ असे वाक्य आढळले तर ते साक्षीइतकेच तपासून घ्यावे. त्याच गाडीच्या अंतराच्या आकड्याविषयी तितका संशय घेण्याचे कारण नाही.

५. अंतराच्या आकड्यातील दोष

अंतराचा आकडा अधिक विश्वसनीय असला तरी तो निर्दोष नव्हे. केबल मोजते ते जमिनीवरील अंतर नव्हे, दंडाचे फेरे मोजते. फेऱ्यांचे अंतरात रूपांतर करताना कारखान्याने चाकाचा ठराविक परीघ व मागील आसाच्या गराऱ्यांचे ठराविक गुणोत्तर गृहीत धरलेले असते. ही दोन गृहीते जंगलात क्वचितच टिकून राहत.

पहिली गोष्ट टायरची. त्या काळी मालमोटारींस सर्रास बसविल्या जाणाऱ्या ९.००-२० मापाच्या टायरचा व्यास सुमारे १.०२ मीटर असतो, म्हणजे त्रिज्या ५१ सेंटिमीटर. टायर झिजून त्रिज्या १.२ सेंटिमीटरने घटली तर परीघ सुमारे २.४ टक्क्यांनी कमी होतो. चाकास तेवढेच अंतर कापण्यास अधिक फेरे घ्यावे लागतात आणि १०० किलोमीटरच्या खेपेस मीटर सुमारे १०२ दाखवितो. उलट मोठ्या मापाचे टायर चढविले तर मीटर कमी दाखवितो.

दुसरी गोष्ट आसाची. लाकडाचे ओझे घेऊन चढ चढता यावा म्हणून जुन्या गाडीस दुसऱ्या गाडीचा अधिक संथ आस बसविण्याची रीत गॅरेजांत अपरिचित नव्हती. केबल गिअरबॉक्समधून, म्हणजे आसाच्या अलीकडून घेतलेली असल्यामुळे हा बदल मीटरला कळत नाही. समजा, मूळ गुणोत्तर ६ होते आणि नवे ७ झाले. तर चाकाच्या एका फेऱ्यास दंड सहाऐवजी सात फेरे घेईल आणि १०० किलोमीटरची खेप मीटरवर सुमारे ११७ दिसेल. टायरच्या झिजेच्या मानाने हा दोष कितीतरी मोठा आहे.

तिसरी गोष्ट चिखलाची. पावसाळ्याच्या तोंडी नाला ओलांडताना मागील चाके जागच्या जागी फिरत राहिली तर गाडी हलत नाही, पण मीटर चालतो. हा दोष नेहमी अंतर वाढविणाराच असतो आणि तो ऋतुमानाप्रमाणे येतो-जातो.

चौथी गोष्ट एककाची. १९५६ च्या कायद्यान्वये १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली. रस्त्यावरील दगड बदलले तरी फळीवरची तबकडी बदलली असे नव्हे. मैलांची तबकडी असलेली गाडी किलोमीटरच्या दगडांमधून पुढे कैक वर्षे धावू शके. अशा काळातील लॉगबुकात नुसता ‘५०’ असा आकडा असेल तर तो ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर, असू शकतो. याखेरीज पुष्कळ जुन्या तबकड्यांत अंकचक्रे पाचच असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येई. दोन नोंदींमधील वजाबाकी ऋण आली तर लबाडीचा संशय घेण्याआधी मीटर उलटून गेला असावा हे ध्यानात घ्यावे. लबाडीही होत नव्हती असे नाही. बऱ्याच जुन्या मीटरांत केबल उलट फिरविली की आकडा मागे जात असे, आणि विक्रीपूर्वी तो मागे नेण्याचा प्रकार जगभर परिचित होता.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे केबलीचे तुटणे. आतली तार वंगणावाचून कोरडी पडली, नळी फार आखूड वळणाने वाकविली गेली, किंवा तीत पाणी व माती शिरली की काटा प्रथम थरथरू लागतो आणि मग एके दिवशी शून्यावर पडतो. त्याच क्षणी अंतराची चक्रेही थांबतात. गाडी मात्र थांबत नाही. जंगलाच्या कच्च्या वाटेवर पहिल्या-दुसऱ्या गिअरात, ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चाललेल्या चालकास काट्याची उणीव भासत नाही. इंजिनाचा आवाज आणि गिअरच्या दांड्याची थरथर त्याला पुरेशी असते. त्या वेगात काटा तबकडीच्या तळाशीच असतो आणि तेथे त्याचे वाचन तसेही अविश्वसनीय असते. म्हणून केबल बदलणे हे काम पुढच्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत लांबणीवर पडणे साहजिक होते. लॉगबुकातील रकाना मात्र भरावाच लागे, आणि तो मग अंदाजाने भरला जाई.

६. आकड्याचे भोक्ते

वेगाचा काटा चालकासाठी असतो. अंतराचा आकडा प्रामुख्याने मालकासाठी. वंगण कधी बदलावे, टायर किती टिकले आणि एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती चालली, हा सारा हिशेब त्या आकड्यावरून होतो. येथे वर सांगितलेले दोष केवळ तांत्रिक राहत नाहीत. मोठे टायर चढविलेल्या गाडीचा मीटर कमी अंतर दाखवितो; म्हणजे तेवढ्याच खेपेस डिझेल अधिक लागल्यासारखे दिसते. हा फरक कारखान्याच्या गृहीतामुळे पडलेला असतो, परंतु संशय येतो तो चालकावर. उलट संथ आसाच्या गाडीचा चालक कागदोपत्री काटकसरी ठरतो. एकाच रस्त्यावरील दोन चालकांच्या प्रामाणिकपणाची तुलना लॉगबुकांवरून करणाऱ्या संशोधकाने हा अन्याय पुन्हा एकदा करू नये.

कामाच्या तासांचा प्रश्नही यास लागूनच आहे. युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० च्या नियमाने मालमोटारींत वेग, अंतर आणि काळ एकाच कागदी चकतीवर आपोआप उमटविणारे यंत्र बसविण्याची दिशा घेतली. भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. पण ती तपासण्याचे साधन हाताने भरलेली नोंदवही हेच होते. शिवाय तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांस लागू होता. एक गाडी, एक चालक आणि एक क्लीनर एवढाच ज्याचा पसारा, त्या मालकाच्या गाडीवर कामाच्या तासांचा लेखी पुरावा निर्माण होण्याची सोयच नव्हती. अशा माणसांच्या श्रमाचा जो काही अप्रत्यक्ष पुरावा उरतो तो मीटरचा आकडा आणि नाक्याची वेळ यांतच.

७. केबलीकडून संवेदकाकडे

पुढील काळात केबलीची जागा विद्युत् संवेदकाने घेतली. त्याचे दोन प्रकार विशेष रूढ झाले. पहिल्यात चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते आणि त्याच्यासमोरून लोखंडी दाते जातात. प्रत्येक दात्यागणिक वेटोळ्यात विजेचा एक स्पंद उठतो. त्यास बाहेरून वीज लागत नाही, पण गाडी फार संथ चालली की स्पंद क्षीण होतात. दुसऱ्यात, हॉल याने १८७९ साली शोधलेल्या परिणामाचा उपयोग केलेला असतो. त्यास वीज पुरवावी लागते, पण तो अत्यंत संथ गतीतही स्पष्ट स्पंद देतो. पुष्कळ गाड्यांत हा संवेदक गिअरबॉक्सच्या त्याच छिद्रात बसविला गेला ज्यात पूर्वी केबल असे. काटा मग स्पंदांची वारंवारता वाचतो आणि अंतर स्पंदांच्या संख्येवरून काढले जाते. या बदलाने उष्णता, वंगण आणि तुटकी तार यांपासून होणारे दोष बहुतांशी गेले. टायर आणि आस यांविषयीची गृहीते मात्र जशीच्या तशी राहिली, कारण मोजले जातात ते अद्याप दंडाचेच फेरे.

खरा बदल निराळ्याच ठिकाणी झाला. केबल तुटली तरी इंजिनास त्याची खबर नसे; संवेदकाचे स्पंद मात्र इंजिनाच्या नियंत्रकाकडेही जातात. १ ऑक्टोबर २०१५ पासून निर्माण झालेल्या बहुतेक वाहतूक वाहनांत वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत राखणारी योजना बंधनकारक झाली. डंपर व टँकर यांसारख्या काही वाहनांसाठी ही मर्यादा ६० ठेवण्यात आली. वेग वाचणारा पूर्वी चालक होता. आता चालकाच्या आधी यंत्र तो वाचते आणि त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर असतानाही निर्णय करते.

८. संशोधकासाठी काही नियम

वरील विवेचनावरून लॉगबुके वापरताना पुढील पद्धत उपयोगी पडेल असे वाटते. मुळात लॉगबुकाबाहेरचा एक स्वतंत्र मापदंड हवा, आणि तो वनवाहतुकीत सुदैवाने उपलब्ध असतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्यान्वये वनोपजाची वाहतूक परवान्यावाचून करता येत नाही. परवान्यावर मार्ग असतो, नाक्यांच्या वह्यांत गाडी येण्या-जाण्याची वेळ असते आणि दोन नाक्यांमधील अंतर रस्त्याच्या दगडांवरून निश्चित करता येते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन नाक्यांमध्ये ६० किलोमीटर अंतर आहे. एक गाडी पहिल्या नाक्यावरून सकाळी ६ वाजता सुटून दुसऱ्यावर १० वाजता पोहोचते. तेव्हा तिचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर. तिच्या लॉगबुकात याच टप्प्यास ७० किलोमीटर लिहिले आहेत. ही वाढ प्रत्येक खेपेस तेवढीच असेल तर आस किंवा टायर बदललेला आहे, आणि सर्व आकड्यांस ७ ने भागून ६ ने गुणले की ते वापरण्याजोगे होतात. वाढ केवळ पावसाळ्याच्या आसपास दिसत असेल तर ती चाके घसरल्याची खूण आहे. तेथे आकडा दुरुस्त करू नये, तो रस्त्याच्या अवस्थेचा पुरावा म्हणून वाचावा. आणि जर प्रत्येक खेपेस नेमके ६० च लिहिलेले असतील, कधी ५९ नाही की ६१ नाही, तर तो आकडा सर्वांत कमी विश्वसनीय समजावा. चालता मीटर इतका नेमका कधीच नसतो. ज्या दिवसापासून आकडे असे सारखे होऊ लागतात, तो दिवस बहुधा केबल तुटल्याचा दिवस होय.

९. समारोप

साधनचिकित्सेत आपण नेहमी त्रुटींस घाबरतो. या विषयात त्रुटी हीच माहिती आहे. मीटर किंचित चुकत असतो तोवर तो जिवंत असतो, आणि त्याच्या चुकीतून टायर, आस, चिखल आणि ओझे यांविषयी जे कळते ते लॉगबुकाच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते.

या कामास फार अवधी उरलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू ठेवली जात नाही. त्यामुळे सरकारी मालकीच्या केबलीच्या गाड्या भंगारात जाणे अटळ आहे, आणि खाजगी गाड्याही वयोमानाने त्याच वाटेने जातील. गाडीबरोबर तबकडी जाते, आणि गाडीच निरुपयोगी ठरली की तिची लॉगबुकेही रद्दीत निघतात. बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली व सिरोंचा या मार्गावरील जुन्या मालकांकडे, गॅरेजांत आणि आगारांत जाऊन विद्यार्थ्यांनी निदान एवढे तरी करावे : लॉगबुक मिळाल्यास ते ज्या गाडीचे, तिच्या टायरचे माप, आसाचे गुणोत्तर आणि तबकडीचे एकक त्याच्या पहिल्या पानावर टिपून ठेवावे. या तीन नोंदींवाचून पुढच्या संशोधकाच्या हाती नुसते आकडे राहतील आणि ते कशाचे आकडे आहेत हे सांगणारे कोणी उरणार नाही.